अंगात रक्त कमी असलेल्या रुग्णाची शुश्रूषा : वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टरसाठी

“काही होत नाही सिस्टर, जरा दम लागतो एवढंच.”

सातव्या महिन्यातली एक बाई मला हे सांगत होती, तेव्हा तिच्या कडेवर दोन वर्षांचं पोर होतं, हातात केसपेपर आणि कपड्यांची पिशवी होती. दोन जिने चढून ती वॉर्डात आली होती. रिपोर्टात एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, ५.८. मी तेव्हा नवीन होते. चालत आली म्हणजे ठीक असणार, असं समजून तिला कोपऱ्यातली खाट दिली आणि ज्यांच्या तक्रारी जास्त होत्या त्यांच्याकडे आधी गेले. अर्ध्या तासाने ती बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडली. तिला आणि बाळाला काही झालं नाही, पण तो दिवस मी विसरलेले नाही.

अ‍ॅनिमियाच्या (अंगात रक्त कमी असण्याच्या) रुग्णाबद्दल हीच गोष्ट सगळ्यात आधी समजून घ्या. हा रुग्ण ओरडत नाही. रक्त एकदम गेलं तर माणूस लगेच खचतो. पण एचबी महिनोन्‌महिने हळूहळू उतरत जातो तेव्हा शरीर सवय करून घेतं. हृदय जास्त वेगाने रक्त ढकलायला लागतं, बाई जिन्यावर मध्येच थांबून श्वास घ्यायला शिकते, आणि ‘आपलं असंच’ म्हणून कामाला लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये अ‍ॅनिमिया आढळला, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. म्हणजे आपल्याकडे आलेल्या निम्म्याहून जास्त बायकांना तो असणार, मग त्या कशासाठीही आलेल्या असोत. त्या सांगणार नाहीत. बघायचं आणि विचारायचं काम आपलं.

पुढे लिहिलेलं बहुतेक महिला वॉर्ड आणि एएनसी (गरोदर बायकांची तपासणी) डोळ्यांसमोर ठेवून आहे, कारण माझी वर्षं तिथे गेली. औषधं आणि डोस डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणेच द्यायचे; इथले आकडे ऑर्डर वाचताना समज यावी आणि चूक लक्षात यावी म्हणून दिले आहेत.

पहिली पायरी : आकडे पाठ करा

गरोदर बाईचा एचबी ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेला की अ‍ॅनिमिया. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७च्या खाली तीव्र. गरोदर नसलेल्या बाईसाठी सीमा १२ आणि पुरुषासाठी १३. या दोघांत ८च्या खाली तीव्र धरतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलासाठी सीमा ११ आणि तीव्र ७च्या खाली. गरोदर बाईचा एचबी ५च्या खाली असेल तर महिना कितवाही असो, ती भरती होणारच आणि रक्ताची तयारी लगेच सुरू होणार. शेवटच्या तीन महिन्यांत ७च्या खाली असली तरी तिला घरी पाठवत नाहीत.

ओव्हर (आधीच्या ड्यूटीच्या सिस्टरकडून रुग्णांची माहिती) घेताना ‘एचबी कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका. किती, कधीचा, कुठल्या लॅबचा, आणि त्यानंतर काही रक्तस्राव झाला का, हे चारही विचारा.

दुसरी पायरी : उजेडात बघा

रात्रीच्या पिवळ्या बल्बखाली कुणीच पांढरं दिसत नाही. शक्य असेल तर खिडकीजवळ न्या. खालची पापणी ओढून आतला भाग बघा. जीभ बाहेर काढायला सांगा : फिकी आहे का, वरचे बारीक दाणे जाऊन गुळगुळीत झाली आहे का, ओठांचे कोपरे चिरलेत का. नखं बघा, लोह फार दिवस कमी असेल तर नख मध्ये दबून चमच्यासारखं खोलगट होतं. तळहाताच्या रेषा बघा, पण आपल्याकडे डोहाळजेवणाला, सणाला मेंदी लावलेली असते आणि नखांना रंग असतो. अशा वेळी तळहातावर विसंबू नका, पापणी आणि जीभ बघा. माझी एक सवय : रुग्णाच्या तळहाताशेजारी माझा तळहात धरते. सावळ्या रंगाच्या बाईच्या हातातला फिकेपणा असा शेजारी ठेवल्यावरच कळतो.

मग नाडी आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. स्वस्थ पडलेली असताना नाडी १००च्या वर, श्वास २४च्या वर, पायावर सूज, सपाट झोपलं की खोकला किंवा गुदमरल्यासारखं होणं : यातलं काहीही दिसलं तर हृदय थकायला लागलं आहे असं समजून डॉक्टरांना तेव्हाच कळवा, राउंडची वाट बघू नका.

पल्स ऑक्सिमीटर इथे फसवतो. मशीनवर ९९ दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. ते मशीन फक्त एवढंच सांगतं, की जे हिमोग्लोबिन शिल्लक आहे त्यातलं किती टक्के प्राणवायूने भरलेलं आहे. हिमोग्लोबिनच निम्म्यावर आलं असेल तर ते सगळं भरलेलं असूनही अंगाला प्राणवायू निम्माच मिळतो. दहा पाट्यांची गरज असताना चारच पाट्या आहेत, आणि चारही काठोकाठ भरल्या आहेत, अशी गत. म्हणून या रुग्णात मशीनपेक्षा दम, नाडी आणि बोलताना वाक्य मध्येच तुटतं का, यावर जास्त विश्वास ठेवा.

तिसरी पायरी : विचारा, पण एकटीला गाठून

सासू शेजारी बसलेली असताना बाई काहीच सांगणार नाही. वजन घ्यायला नेताना किंवा बीपी बघताना विचारा.

पाळी किती दिवस जाते, दिवसातून किती पॅड किंवा कापडं बदलावी लागतात, गाठी पडतात का. ‘जास्त जाते का?’ असं विचारलंत तर उत्तर येतं, ‘सगळ्यांना जाते तेवढीच.’ म्हणून मोजून विचारा. दोन बाळंतपणांत अंतर किती, मागच्या वेळी रक्त लावावं लागलं होतं का. शौचातून रक्त, मूळव्याध, जंत. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांत आकड्या जंत पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितो. म्हणून पायात काय घालता हा प्रश्नही इथे महत्त्वाचा आहे. मलेरियाच्या भागातून आलेली असेल तर ताप विचारा.

आणि माती. ‘माती खावीशी वाटते का? खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, चुलीची राख?’ हा प्रश्न विचारताना चेहऱ्यावर हसू येऊ देऊ नका. बायका याची लाज बाळगतात, घरी बोलणीही खाल्लेली असतात. मी अशा वेळी सांगते, ‘रक्त कमी झालं की बऱ्याच जणींना असं होतं, तुमचं काही चुकलेलं नाही.’ मग पदराआडून उत्तर येतं. लोह भरून आलं की ही इच्छा बहुतेकींची आपोआप जाते, हेही सांगा. त्याने गोळीवर विश्वास बसतो.

पुरुष किंवा पाळी गेलेली बाई अ‍ॅनिमिया घेऊन आली तर रक्त कुठून तरी जातंय असंच धरून चाला. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून रोज खाता का, शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होते का, हे विचारून केसपेपरवर लिहा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती घट्ट असते आणि तिला तसा वास नसतो. हा फरक कळायला एकदा दोन्ही बघावं लागतं.

चौथी पायरी : नमुना नीट घ्या

चुकीच्या नमुन्यावर सगळे उपचार चुकतात. बोटातून एचबी करताना मधलं किंवा अनामिका हे बोट घ्या, स्पिरिट पूर्ण वाळू द्या, टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाका आणि बोट पिळू नका. पिळलं की पेशींमधलं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा खोटा येतो. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त कधीही काढू नका. ९चा एचबी ६ आला, घरच्यांची धावपळ झाली, आणि नंतर कळलं की नमुना सलाइनच्याच हातातून घेतलेला होता, असं घडताना मी बघितलं आहे.

सीबीसीसाठी (रक्तपेशींची पूर्ण तपासणी) जांभळ्या झाकणाची बल्ब, म्हणजे नमुन्याची नळी, रक्त घातल्यावर हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही. फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) या तपासण्या सांगितल्या असतील तर त्यांचे नमुने रक्त लावायच्या आधी गेले पाहिजेत. दुसऱ्याचं रक्त अंगात गेल्यावर त्या तपासण्यांचा अर्थ लावणं अवघड होतं.

रिपोर्ट आला की फक्त एचबी वाचू नका, एमसीव्हीही (लाल पेशींचा सरासरी आकार) बघा. ८०च्या खाली म्हणजे पेशी लहान. बहुधा लोह कमी, पण थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकारही असू शकतो. १००च्या वर म्हणजे पेशी मोठ्या. बी१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिडचा विचार.

पाचवी पायरी : खाटेवरची काळजी

खाट नर्सिंग टेबलजवळची आणि बाथरूमपासून लांब नसलेली द्या. पाठ उशीने उंच करा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपू द्या. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग खाटेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, डोकं हलकं वाटत नाही ना ते बघायचं आणि मगच उभं राहायचं, हे पहिल्याच दिवशी करून दाखवा. एचबी ७च्या खाली असेल तर बाथरूमला मावशी (वॉर्डातली आया) सोबत हवीच, आणि आतून कडी लावायची नाही. लाज वाटत असेल तर मावशी दाराबाहेर उभी राहील.

कामं एकापाठोपाठ एक उरकू नका. अंघोळ, वेणी, नाश्ता, सोनोग्राफी हे सगळं एका तासात झालं तर बाई दमून जाते. मध्ये विश्रांती द्या. सोनोग्राफीला व्हीलचेअरवर न्या, ‘चालते मी’ म्हणाली तरी. हातपाय गार पडतात, म्हणून जादा ब्लँकेट. तोंडात सालपटं निघाली असतील, तर मऊ आणि बिनतिखट जेवण. इनटेक-आउटपुट चार्ट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली) लिहा, विशेषतः सूज असेल तर.

सहावी पायरी : गोळी पोटात गेली का

एकदा चादरी बदलताना मावशींनी गादीखालून लोहाच्या गोळ्यांची अकरा दिवसांची रास काढली. चार्टवर अकराही दिवस माझ्या आणि इतर सिस्टरांच्या सह्या होत्या. बाईला विचारलं तर म्हणाली, ‘खाल्ली की मळमळतं, आणि तुम्ही रागावाल म्हणून बोलले नाही.’ त्यानंतर मी गोळी हातात देऊन पुढच्या खाटेवर जात नाही. पाणी देते, गिळेपर्यंत थांबते, आणि ‘काल कसं वाटलं’ असं विचारते.

अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमाप्रमाणे (२०१८पासून) प्रत्येक गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. सौम्य किंवा मध्यम अ‍ॅनिमिया असेल तर रोज दोन गोळ्या आणि दर महिन्याला एचबी. महिन्यात एक ग्रॅमही वाढला नाही तर पुढे पाठवायचं, पण त्याआधी गोळ्या खरंच खाल्ल्या का हे बघायचं. एक साधा मार्ग : रिकाम्या स्ट्रिप्स घेऊन या म्हणून सांगा.

मळमळत असेल तर गोळी बंद करू नका, वेळ बदला. रिकाम्या पोटी लोह चांगलं शोषलं जातं हे खरं, पण उलटी होऊन बाहेर पडणाऱ्या गोळीपेक्षा रात्री जेवणानंतर तासाभराने घेतलेली गोळी चांगली. चहा, कॉफी, दूध यांच्यासोबत नाही; आधी आणि नंतर किमान एक तासाचं अंतर. कॅल्शियमची गोळी एकाच वेळी नाही. ती दुपारी जेवणासोबत, लोह रात्री. लिंबूपाण्यासोबत घेतली तर उत्तम. शौच काळी होईल हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून बंद करतात. बद्धकोष्ठ होईल, त्यासाठी पाणी, पालेभाजी, ताक. ‘गोळ्यांनी बाळ काळं होतं’ आणि ‘बाळ फार मोठं होऊन सिझर होतं’ या दोन समजुती मी आजही ऐकते. त्यावर वाद घालू नका. त्याच वॉर्डात गोळ्या घेऊन बरी बाळंतीण झालेली बाई असेल तर तिला शेजारी बसवा.

सातवी पायरी : सलाइनमधून लोह

गोळ्या सोसत नाहीत, दिवस भरत आले आहेत किंवा एचबी फार कमी आहे, अशा वेळी आयर्न सुक्रोज लावतात. पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. एकूण किती लोह लागेल याचा हिशोब असा : वजन गुणिले एचबीतली तूट गुणिले २.४, अधिक ५०० साठ्यासाठी. गरोदरपणाआधीचं वजन ४५ किलो, एचबी ७ आणि न्यायचा ११पर्यंत, तर ४५ × ४ × २.४ म्हणजे ४३२, अधिक ५००, असे ९३२ मिलिग्रॅम. एका वेळी २०० म्हणजे पाच डोस, एक दिवसाआड. हा हिशोब नर्सला येत असला की ‘अजून किती वेळा टोचणार?’ या प्रश्नाला उत्तर देता येतं.

२०० मिलिग्रॅम म्हणजे बहुधा ५ मिलिलिटरचे दोन अ‍ॅम्प्युल. पण लेबल वाचा. १०० मिलिलिटर नॉर्मल सलाइनमध्येच मिसळा, डेक्स्ट्रोजमध्ये नाही. त्यात दुसरं कुठलंही औषध घालू नका. १५ ते ३० मिनिटांत जाऊ द्या, आणि संपल्यावर अर्धा तास रुग्ण नजरेसमोर ठेवा. रिअ‍ॅक्शन आली तर लागणारा इमर्जन्सी ट्रे खाटेशेजारी : अ‍ॅड्रेनलिन, हायड्रोकॉर्टिझोन, अ‍ॅव्हिल, ऑक्सिजन. ट्रे कपाटात कुलूपबंद असेल तर औषध सुरूच करू नका. लावलेल्या दिवसांत तोंडाने लोहाच्या गोळ्या बंद.

सुई शिरेत आहे याची आधी साध्या सलाइनने खात्री करून घ्या. हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने, कधी कायमचा राहतो. जळजळ होतेय म्हणाली की लगेच बंद करा.

आठवी पायरी : रक्त लावणे

इथे घाई केली तर माणूस जातो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

नाव. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. आधार कार्डावर माहेरचं नाव, केसपेपरवर सासरचं, आणि रक्तपेढीच्या अर्जावर भावाने सांगितलेलं तिसरंच. हा घोळ मी कितीदा निस्तरला आहे. म्हणून भरती होतानाच एक नाव ठरवा, आयपीडी (भरतीच्या) नंबरासह सगळ्या कागदांवर तेच लिहा. क्रॉसमॅचचा (दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का बघण्याचा) नमुना काढला की बल्बवर लेबल खाटेजवळच लावा, टेबलावर येऊन नाही. आणि विचारताना ‘तुम्ही सुनीताच ना?’ असं विचारू नका; दमलेली बाई कशालाही मान डोलावते. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हणा आणि तिच्या तोंडून ऐका.

रक्त आणायचं म्हटलं की नातेवाईक घाबरतात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११पासून सरकारी रुग्णालयात गरोदर बाईला रक्त मोफत आहे, हे त्यांना स्वच्छ सांगा. नवऱ्याने रक्त दिलं तर तो अशक्त होणार नाही, हेही. संमतीवर सही घ्या, आणि कशावर सही करतोय हे समजावून मगच.

पिशवी आली की दोघींनी मिळून तपासा : एकीने वाचायचं, दुसरीने कागदावर बघायचं. रक्तगट, पिशवीचा नंबर, क्रॉसमॅचचं लेबल, शेवटची तारीख, रंग, गाठी, गळती. रक्तपेढीतून निघाल्यापासून अर्ध्या तासात लावायचं आणि लावल्यापासून चार तासांत संपवायचं. म्हणून सगळी तयारी आधी करा : कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) हिरवी किंवा निदान गुलाबी, चालू आहे का बघून, तापमान, नाडी, बीपी, श्वास लिहून, मगच पिशवी आणायला पाठवा. पिशवी गरम पाण्यात, उन्हात किंवा काखेत धरून ऊब देऊ नका, पेशी फुटतात. वॉर्डच्या फ्रिजमध्येही ठेवू नका. बीटी सेटच (रक्त लावायची नळी) वापरा, त्यात गाळणी असते. त्या लाइनमधून नॉर्मल सलाइनशिवाय काहीही नाही.

पहिली पंधरा मिनिटं संथ सोडा आणि खाटेजवळ बसून राहा. मी स्टूल ओढून बसते. फोन आला, दुसऱ्या खाटेची घंटा वाजली, तरी कुणाला तरी बसवून मगच उठते. सगळ्यात वाईट रिअ‍ॅक्शन याच वेळात, अगदी थोड्या रक्तावर येते. थंडी, ताप, अंगावर गांध्या, कंबर दुखणं, छातीत दाटणं ही पुस्तकातली लक्षणं आहेत. आपल्या बायकांच्या तोंडी मात्र एकच वाक्य येतं : ‘सिस्टर, कसंतरी होतंय.’ हे वाक्य ऐकलं की काय होतंय ते नंतर विचारा, आधी रक्त बंद करा.

मग सेट बदलून नव्या सेटने नॉर्मल सलाइन चालू ठेवा, कॅन्युला काढू नका. डॉक्टरांना बोलवा, व्हायटल्स (तापमान, नाडी, बीपी, श्वास) घ्या, नाव आणि पिशवीचा नंबर पुन्हा जुळवा. पिशवी सेटसकट जपून ठेवा. ती नव्या रक्ताच्या नमुन्यासह रक्तपेढीत जाते. पुढची लघवी बघा. लालसर किंवा कोलासारखी असेल तर लगेच सांगा.

पंधरा मिनिटं नीट गेली की व्हायटल्स पुन्हा लिहा, मग अर्ध्या तासाने, मग दर तासाला, आणि संपल्यावर. थेंबांचा हिशोब : पीसीव्हीची (नुसत्या लाल पेशींची) पिशवी २८० मिलिलिटर, वेळ चार तास म्हणजे २४० मिनिटं, सेट मिलिलिटरला २० थेंबांचा, तर मिनिटाला साधारण २३ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो बघून हिशोब करा.

जुनाट अ‍ॅनिमियाच्या रुग्णाला आणखी एक धोका आहे, आणि तो नव्या सिस्टरांच्या ध्यानात राहत नाही. तिच्या अंगात पाणी कमी नाही, पेशी कमी आहेत. दमलेल्या हृदयावर रक्ताचा जादा भार एकदम पडला तर फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून पूर्ण रक्ताऐवजी पीसीव्ही, एका वेळी एकच पिशवी, संथ, आणि ऑर्डर असेल तर लॅसिक्स (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं औषध). तिसऱ्या तासाला खोकला सुरू झाला, बाई उठून बसायला लागली, तर झोपवू नका. रक्त थांबवा, पाठ उंच करा, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा. एका पिशवीने एचबी साधारण एक ग्रॅमच वाढतो, हेही घरच्यांना आधी सांगा. नाहीतर ‘रक्त लावलं तरी सातच?’ म्हणून भांडण होतं.

तातडीचं नसेल तर रक्त दिवसा लावलेलं बरं. रात्री दोन सिस्टर आणि चाळीस खाटा असताना पंधरा मिनिटं कोण बसणार?

सगळा अ‍ॅनिमिया लोहाचा नसतो

विदर्भ (विशेषतः गडचिरोली), नंदुरबार या भागांतून आलेल्या रुग्णाला सिकलसेल आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरात कुणाला आहे का, लहानपणापासून हातपाय आणि सांधे ठणकतात का, कावीळ वारंवार होते का. साधी सोल्युबिलिटी चाचणी, आणि ती पॉझिटिव्ह आली की पुढची इलेक्ट्रोफोरेसिस. या रुग्णाच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकतात, दुखणं असह्य असतं. ‘नाटक करतोय’ असं म्हणणारे मी ऐकले आहेत. तुम्ही म्हणू नका. ऑर्डरचं दुखण्याचं औषध वेळेवर द्या, भरपूर पाणी पाजा, ऊब द्या, ताप आला तर लगेच कळवा. लोह कमी असल्याचं तपासून सिद्ध झाल्याशिवाय याला लोह देत नाहीत. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला तर वारंवार रक्त घेऊन लोह अंगात साठलेलं असतं. त्याला लोहाचं टॉनिक म्हणजे विष.

पूर्ण शाकाहारी माणूस, जीभ लाल आणि चुरचुरणारी, तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं : बी१२चा विचार. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा मात्र बिघडत जातात. म्हणून मुंग्यांची तक्रार केसपेपरवर लिहाच.

जेवणाबद्दल

‘बीट खा, डाळिंब खा’ हा सल्ला सगळे देतात. लाल रंगाचा रक्ताशी संबंध नाही. बीट आणि डाळिंबात लोह थोडंच असतं, आणि डाळिंबाच्या भावात घरात आठवडाभराची मटकी येते. बाईला विचारा, घरी काय शिजतं? त्यातूनच सांगा. मोड आलेली मटकी, चवळी, माठ, राजगिऱ्याची भाजी, मेथी, हळीव, तीळ, गूळ-शेंगदाणे. मांसाहारी असेल तर मटण, सुकट, अंडी. मटण-मासळीतलं लोह सगळ्यात सहज अंगी लागतं. भाजीवर लिंबू पिळायचं, लोखंडी कढईत शिजवायचं, जेवणावर लगेच चहा नाही. एवढं पुरे. आणि ती जेवते कधी, हे विचारायला विसरू नका. सगळ्यांचं उरकल्यावर कालवण संपलेलं असतं, तिच्या ताटात भाकरी आणि ठेचा उरतो. हे सासूलाही ऐकू जाईल असं सांगा, पण तक्रारीच्या सुरात नाही : ‘आजी, नातवासाठी हिला पहिल्या पंगतीला बसवा.’ बहुतेक आज्या ऐकतात.

तरीही एचबी ८ असताना नुसत्या जेवणाने भरून निघत नाही, गोळी लागतेच, हेही बजावून सांगा.

बाळंतपणाची वेळ

धडधाकट बाईला जेवढा रक्तस्राव सोसतो तेवढा हिला सोसत नाही. लेबर रूममध्ये पाठवताना एचबी आणि रक्तगट तोंडीही सांगा, कागदावर विसंबू नका. पिशवी राखून ठेवली आहे ना बघा. बाळ बाहेर आल्याबरोबर गर्भाशय आवळायला ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी गर्भाशय घट्ट आहे का हात ठेवून बघा आणि पॅड उचलून बघा. चादर वरून कोरडी दिसते तेव्हाही खाली रक्त साठलेलं असतं.

डिस्चार्ज

कागद हातात देऊन निरोप देऊ नका, खुर्ची द्या आणि पाच मिनिटं बसा. गोळी किती, कधी, किती महिने हे तिच्याकडून परत म्हणवून घ्या. वाचता येत नसेल तर स्ट्रिपवर चंद्राचं चित्र काढा, रात्रीची म्हणून. एचबी चांगला आला म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. रक्त वाढलं तरी साठा भरायला आणखी काही महिने लागतात. कुठल्या लक्षणाला परत यायचं : बसल्या जागी दम, पायावर वाढती सूज, छातीत धडधड, रक्तस्राव.

जंताची गोळी मिळाली का बघा. पायात चप्पल घाला म्हणा. घरात मुलं असतील तर त्यांचाही एचबी करून घ्या म्हणून सांगा. पुढच्या बाळाच्या अंतराबद्दल बोला, नवरा आला असेल तर त्याच्यासमोर.

ती कुठे जाणार हे विचारा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली असेल, तर गावातली आशाताई तिला चार-पाच महिने भेटणारच नाही. अशा बाईला महिन्याभराच्या नाही, पूर्ण हंगामाच्या गोळ्या मिळतील का हे डॉक्टरांना विचारा, आणि ज्या कारखान्याच्या भागात जाणार तिथलं आरोग्य केंद्र कोणतं ते कार्डावर लिहून द्या. आशाताईचा नंबर तिच्याकडे आणि तिचा नंबर आशाताईकडे आहे ना, तिच्यासमोर फोन लावून बघा. पुढच्या एचबीची तारीख कार्डाच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात.